सुट्टी धाकटीकडे गेली

घरात तिला सगळे मोठी म्हणत. थोरल्या मुलाची बायको म्हणून मोठी. लग्नानंतर सासूबाईंनी हाक मारायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की पाहुण्यांना तिची ओळख करून देताना खुद्द नवराही क्षणभर अडखळायचा. बाहेर तिला वेगळं नाव होतं. दातांच्या लॅबमध्ये ती ‘कवळीवाल्या बाई’ होती, आणि हे नाव तिला आवडायचं, कारण ते तिने स्वतः कमावलेलं होतं.

लॅब म्हणजे एका दवाखान्यामागची लांबट खोली. भिंतीला प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात घासायची चाकं, खिडकीशी तिचं टेबल आणि त्यावर मेण वितळवायचा दिवा. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे, ती त्यावर मेणात एकेक दात बसवायची, थोडा आत, थोडा बाहेर, अगदी खऱ्यासारखा. वर्षअखेरची मोठी सुट्टी जवळ आली की काम अंगावर यायचं. वर्षभर नुसत्या हिरड्यांवर भागवणाऱ्या म्हाताऱ्यांना सुट्टीच्या तोंडावर एकदम दात हवे असायचे. मुलं-नातवंडं येणार, फोटो निघणार, हसायला तर लागणारच. त्या दिवसांत ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा बोटांना मेणाचा वास असायचा आणि मान वळत नसायची.

आणि मग सुट्टी लागायची. म्हणजे इतरांना.

सुट्टीत सगळं कुटुंब तिच्याकडे जमायचं. सासूबाई यायच्या, मोठी नणंद आणि तिचे यजमान यायचे, त्यांची तीन मुलं, धाकटा दीर आणि त्याची बायको. ‘आमच्याकडे असंच असतं,’ असं तिचा नवरा दुकानातल्या लोकांना अभिमानाने सांगायचा. त्याचं रंगांचं दुकान होतं. सुट्टीत दुकान बंद करून तो दिवाणखान्यात पाय पसरून बसायचा आणि दर अर्ध्या तासाने आत ओरडायचा, ‘अगं, चहाचं बघतेस का?’ जणू चहा कुठेतरी आपोआप होत होता आणि तिने तो फक्त बघायचा होता.

तिची खोली सासूबाईंना, बाहेरगावी राहणाऱ्या लेकीची खोली वन्संना, बैठक पोरांना. ती स्वतः स्वयंपाकघरात फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या जागेत गादी टाकायची. फ्रिज घरघरला की जागी व्हायची आणि उठलेच आहे तर म्हणून बटाटे सोलायला घ्यायची. धाकटी जाऊ तेवढी मदतीला असायची. धाकटीच्या लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. हडकुळी, चटपटीत, मालाच्या गोदामाच्या कचेरीत कारकून. भांडी विसळता विसळता ती हळूच म्हणायची, ‘ताई, तुम्ही एकदा सरळ नाही म्हणाच. माझं ऐका. एकदा नाही म्हणून बघा, आभाळ कोसळतंय का.’

‘तू म्हणून बघ की,’ मोठी म्हणायची, आणि दोघी खुसखुसत हसायच्या. वर्षभरात तिला एवढं हसू दुसऱ्या कुणाबरोबर येत नसे.

ज्या वर्षी ठिणगी पडली, त्या वर्षी धाकटीला सुट्टी मिळाली नव्हती आणि नेमकी मोठी तापाने पडली. कसला तो ताप, अंगावरचं पांघरूणसुद्धा जड वाटत होतं. ती लेकीच्या खोलीत कपाटाशेजारी एका कोपऱ्यात पडून राहिली. दारापलीकडून सगळं ऐकू येत होतं. वन्सं म्हणाल्या, ‘आजारी पडायलाही वेळ बरी शोधली.’ त्यावर कुणीतरी हसलं. ते हसणं नवऱ्याचं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचं हसणं ओळखायला दार उघडावं लागत नाही.

ताप उतरल्यावर ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली. ओट्यावर, बेसिनमध्ये, खाली जमिनीवर, खिडकीच्या कठड्यावर उष्टी भांडी रचून ठेवलेली होती. ताटांवरचं अन्न वाळून कडक झालं होतं. कपांमध्ये सिगारेटची थोटकं. एकही भांडं कुणी विसळलं नव्हतं.

‘तुझ्यासाठीच ठेवलीत गं,’ वन्सं मागून येऊन मायेने म्हणाल्या. ‘तुझी पद्धत वेगळी. आम्ही काही करायला जायचो आणि तुला आवडायचं नाही.’

तिने नळ सोडला आणि घासायला घेतली. पाहुणे गेल्यावर ओल्या हातांनीच बैठकीत येऊन नवऱ्याला म्हणाली, ‘पुढच्या सुट्टीत इथे कुणी येणार नाही.’

‘बघू,’ तो म्हणाला.

‘बघू नाही. तू तुझ्या लोकांना सांग. वर्ष आहे हातात.’

‘सांगतो गं बाई, सांगतो.’

त्याचं ‘सांगतो’ म्हणजे काय हे ओळखण्यात ती चुकली. तो वर्षभर मूग गिळून बसला. त्याला वाटलं, राग आहे, निवळेल. पुन्हा सुट्टी तोंडावर आली, लॅबमध्ये जबड्यांची रांग लागली, आणि एका दुपारी ती मेण कोरत असताना वन्संचा फोन आला.

‘वहिनी, या वेळी आम्ही एक दिवस आधीच येतोय. गाद्या पुरतील ना? नाहीतर आधी उन्हात टाकून ठेव.’

मोठीने हातातलं हत्यार खाली ठेवलं. तिच्या लक्षात आलं की कुणालाही काही सांगितलेलं नाही. ‘वन्सं,’ ती म्हणाली, ‘या वर्षी आमच्याकडे नको.’

‘का? रंगकाम काढलंय?’

‘नाही.’

‘मग काही बिनसलंय का तुमच्या दोघांचं?’

‘नाही. मी दमते. यंदा मला सुट्टी हवी आहे.’

वन्सं म्हणाल्या, ‘दमत कोण नाही, वहिनी? आम्ही काय लोळत असतो?’

खरं उत्तर जिभेच्या टोकावर होतं. ते तिने गिळलं. ‘नको म्हणजे नको,’ एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. समोरच्या अर्धवट जबड्याचा पुढचा दात वाकडा बसला होता. तिने तो काढला आणि पहिल्यापासून बसवला.

मग फोनांचा सपाटा सुरू झाला. सासूबाईंनी तिला केला नाही, मुलाला केला. तो गच्चीत जाऊन दबक्या आवाजात बोलला आणि खाली येऊन म्हणाला, ‘आई रडत होती. म्हणते, माझे डोळे मिटेपर्यंत तरी थांबायचं होतं.’ सासूबाईंची तब्येत ठणठणीत होती. तोंडात कवळी होती, ती मोठीनेच करून दिलेली, आणि त्या कवळीने त्या अक्रोड फोडायच्या.

‘तू काय म्हणालास?’ मोठीने विचारलं.

‘मी काय म्हणणार? म्हटलं, तिला नकोय.’

तिला. आम्हाला नव्हे. हात झटकून तो मोकळा झाला होता. तिच्या अंगाची लाहीलाही झाली, पण ती मागे हटली नाही. आता हटले तर आयुष्यभर कुणी आपलं ऐकणार नाही, एवढं तिला कळत होतं. त्या आठवड्यात लॅबमध्ये ती न चुकता काम करत राहिली आणि परतताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून चक्क झोपली. फार दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

तो हलकेपणा धाकटीच्या फोनपर्यंत टिकला.

‘ताई, कळलं मला. बरं केलंत.’ धाकटीचा आवाज ओढलेला होता. ‘पण सगळ्यांनी आता माझ्याकडे ठरवलंय.’

‘तुझ्याकडे? दोन खोल्यांत?’

‘सासूबाई म्हणाल्या, मन मोठं असलं की जागा होते. ह्यांनी लगेच हो म्हटलं. मला विचारलंसुद्धा नाही. ताई, सुट्टी संपली की माझी खात्याची परीक्षा आहे, वरच्या जागेसाठी. अभ्यासाला मला तेवढेच दिवस होते. यंदा नाही बसले तर ती जागा जाईल दुसऱ्याला. कचेरीतल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलंय.’

‘मग तूही नाही म्हण,’ मोठी म्हणाली.

‘तुम्हाला जमलं. घर तुमच्या नावावर आहे. लेक नोकरीला लागली. तुम्ही नाही म्हणालात तर जास्तीत जास्त लोक नाक मुरडतील. मी म्हटलं तर मला रोज त्याच घरात राहायचंय, ताई.’

मोठीने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीत एक बाई चादर झटकत होती. तिला ठाऊक होतं की आत्ता, या क्षणी, ‘बरं, येऊ देत माझ्याकडेच’ असं म्हणता येईल. चार शब्द. धाकटी ते मागत नव्हती, पण वाट बघत होती. मोठीला तापातली ती दुपार आठवली, कपातली थोटकं आठवली, आणि तिच्या तोंडून निघालं, ‘मग मी काय करू?’

म्हणाली आणि तिला ते वाक्य ओळखीचं वाटलं. हे तिच्या नवऱ्याचं वाक्य होतं. घरात काहीही अडलं की तो अगदी याच सुरात म्हणायचा.

‘काही नाही,’ धाकटी म्हणाली. ‘सहज सांगितलं.’

सुट्टी लागली. नवऱ्याने बॅग भरली. ‘आईला तोंड तर दाखवायला हवं,’ असं पुटपुटत, तिच्याकडे न बघता तो गेला. लेकीचा फोन आला, ती मैत्रिणींबरोबर फिरायला निघाली होती, घाईत होती. दार लागलं आणि घर इतकं शांत झालं की फ्रिजची घरघरसुद्धा सोबतीसारखी वाटली.

आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडलं. स्वतःच्या पलंगावर ती आडवी-तिडवी झोपली. अंडी तळून तव्यातच खाल्ली, उभ्या उभ्या. न्हाऊन केस मोकळे सोडून उन्हात बसली. एक पुस्तक पाऊण वाचलं. कुणी ‘अगं’ म्हणून हाक मारली नाही. शरीर हळूहळू सैल होत गेलं, मान वळू लागली. पण मन काही स्वस्थ बसेना. चहाचा कप विसळताना धाकटी डोळ्यांसमोर यायची. आता तिच्या बेसिनमध्ये किती कप असतील? पुस्तकं कुठे ठेवली असतील तिने?

शेवटी एका सकाळी तिने साडीवर स्वेटर चढवला आणि घराची दुसरी किल्ली पर्समध्ये टाकून निघाली. वाटेत तिने मनाशी ठरवून टाकलं, धाकटीला पुस्तकं घेऊन आपल्या घरी पाठवायचं. रिकामं घर आहे, शांतता आहे, उरलेले दिवस पोरगी अभ्यास करेल. आपण तिथे थांबू, सांभाळू. हा विचार तिला इतका चांगला वाटला की धाकटीच्या इमारतीचा जिना ती धापा न टाकता चढली.

दार वन्संच्या पोराने उघडलं. ‘मोठी मामी आली!’ आत एकच गिल्ला झाला. जमिनीवर गाद्या पसरलेल्या, त्यांवरूनच सगळ्यांची ये-जा. नवरा, धाकटा दीर आणि वन्संचे यजमान पत्ते कुटत बसले होते. सासूबाई खाटेवर. ‘आली बाई शेवटी,’ त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. ‘करमेना ना एकटीला?’

वन्सं हसत पुढे आल्या. ‘बरं झालं आलीस, वहिनी. हे कांदे तेवढे चिरून दे. धाकटीचा हात फार सावकाश.’ आणि सुरी पुढे केली, मुठीची बाजू मोठीकडे करून, अगदी व्यवस्थित.

मोठीने सुरी घेतली नाही. ती स्वयंपाकघरात गेली. धाकटी गॅससमोर उभी होती, सूपचं मोठं पातेलं ढवळत. डोळे खोल गेलेले. केस नुसते गुंडाळलेले. परीक्षेची पुस्तकं वॉशिंग मशीनवर होती, आणि त्यांच्यावर ओले टॉवेल.

‘अगं, सोड ते,’ मोठी किल्ली पुढे करत म्हणाली. ‘ही घे. पुस्तकं उचल आणि माझ्या घरी जा. कुणी नाही तिथे. इथलं मी बघते.’

धाकटीने किल्लीकडे पाहिलं. ढवळणं थांबवलं नाही.

‘आता?’

‘अजून दिवस आहेत ना हातात.’

‘आता गेले तर घर भरलेलं टाकून पळाली म्हणतील. तुमच्याकडून शिकली म्हणतील.’ ती हळू आवाजात बोलत होती, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, आणि त्यामुळे प्रत्येक शब्द जास्तच बोचत होता. ‘नाही म्हणणार होतात, तर आधी मला एक शब्द सांगायचा होतात, ताई. दोघी मिळून म्हटलं असतं. तुम्ही आपली मान सोडवून घेतलीत आणि जोखड माझ्या मानेवर आलं. आता आलात कशाला? बघायला?’

मोठीला खरंच ते सुचलं नव्हतं. अख्खं वर्ष हाताशी होतं, आणि धाकटीला सांगावं असं एकदाही मनात आलं नव्हतं. तिच्या डोक्यात फक्त स्वतःची सुटका होती.

ती बाहेर आली. समोर पत्ते पडत होते. एकदम तिच्या लक्षात आलं की या सगळ्या प्रकरणात वन्संशी बोलणं झालं, सासूबाई रडल्या, धाकटी भाजून निघाली, आणि या तिघांना पान टाकण्यापलीकडे काही पडलेलं नव्हतं. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

‘ऊठ,’ ती म्हणाली. ‘भांडी घास. भावजी, तुम्हीपण उठा. तुमच्या बायकोची परीक्षा आहे.’

क्षणभर कुणाला कळेना. मग दीर मोठ्याने हसला. ‘वहिनी, तुमचं काहीतरीच!’ नवऱ्याचा चेहरा लाल झाला, पण तो व्यापारी माणूस, गिऱ्हाईक चिडलं की काय करायचं हे त्याला माहीत होतं. तो हसत उठला, बाह्या सावरल्या आणि म्हणाला, ‘चला, आज आमची पाळी! बाईसाहेबांचा हुकूम आहे.’

बघता बघता त्याची जत्रा झाली. पोरं टाळ्या वाजवत मागे गेली. वन्संनी मोबाईल काढला. ‘थांब, थांब, असा इकडे बघ.’ त्याने हातात फेस घेऊन पोज दिली. कप धुतले, तेही वरवर, आणि गाणं म्हणत. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘माझ्या लेकावर ही वेळ,’ त्या म्हणाल्या, पण कौतुकानेच. एवढ्या वर्षांत तिच्या भांडी घासण्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि याच्या चार कपांचा सोहळा होत होता. मग तो हात पुसत परत पत्त्यांवर येऊन बसला. ‘खूश?’ त्याने विचारलं.

आत धाकटीने ते कप उचलले, आतल्या बाजूने बोट फिरवून पाहिलं आणि पुन्हा घासायला घेतले.

मोठी दुपारपर्यंत तिथे राहिली. धाकटीशेजारी उभी राहून तिने कांदे चिरले, पातेली घासली. जेवणाच्या वेळेला ती निघाली, तर वन्सं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘पाहुणीसारखी आली आणि पाहुणीसारखी चालली.’

परीक्षेला धाकटी गेलीच नाही. सुट्टीच्या अखेरीस सासूबाईंना जरा कणकण आली, आणि त्यांना सोडून जाणं बरं दिसेना. कचेरीतली ती जागा तिच्यानंतर लागलेल्या कुणाला तरी मिळाली. मोठीला हे नवऱ्याकडून कळलं, जेवता जेवता, बाकीच्या गप्पांच्या ओघात. ‘तिला तरी कुठे एवढी हौस होती,’ तो म्हणाला आणि मीठ मागितलं. तिने मीठ दिलं नाही. उठली आणि आपलं ताट घेऊन आत गेली. ते ताट तेवढं घासलं. त्याचं तसंच ठेवलं, आणि त्या दिवसापासून तसंच ठेवत गेली. सुरुवातीला तो संतापला, मग भांडी घासायला एका बाईला लावलं. घरात काही बदललं असेल तर एवढंच.

पुढच्या वर्षीही सगळे धाकटीकडेच जमले. कुणी ठरवलं नाही, चर्चाही झाली नाही. आता ते तसंच असतं. ‘धाकटीचं घर लहान, पण मन बघा,’ सासूबाई सगळ्यांना सांगतात. सुरुवातीला धाकटी यावर खाली बघायची. अलीकडे हसते. नवरा सुट्टीहून परतला की तिथल्या गोष्टी सांगतो, आणि त्यात कधीतरी धाकटीचं बोलणंही येतं. एकदा म्हणे ती म्हणाली, ‘ताईंना माणसं नको असतात. सवय असते एकेकाची.’ मोठीने ते ऐकून घेतलं. हे वाक्य धाकटीचं नव्हतं, वन्संचं होतं, पण आता ते धाकटीच्या तोंडात चपखल बसलं होतं.

मोठीने तिला दोन-तीनदा फोन केला. परीक्षा पुन्हा कधी आहे, विचारायला. पहिल्यांदा धाकटी म्हणाली, ‘बघू.’ नंतर म्हणाली, ‘वय गेलं आता, ताई.’ त्यानंतर फोन धाकट्या दिराने उचलला आणि ती कामात आहे म्हणाला. मागून भांड्यांचा आवाज येत होता.

सुट्टी आली की नवरा बॅग भरतो. मोठी आता त्याला काय न्यायचं ते विचारत नाही, दारापर्यंतही जात नाही. ती उशिरा उठते, स्वतःपुरतं शिजवते, टेकडीवर फिरायला जाते. पहिल्या वर्षी जसं अंग हलकं झालं होतं तसं पुन्हा कधी झालं नाही, पण सुट्टी तिने परत दिली नाही. लॅबमधल्या एका नव्या मुलीने एकदा तिला विचारलं, ‘बाई, तुम्ही सुट्टीत एकट्याच असता? वाईट नाही वाटत?’

‘वाटतं की,’ कवळीवाल्या बाई म्हणाल्या आणि मेणातला दात जरासा आत सरकवला. ‘पण झोप लागते.’